गाव ऐकते तोवर : झाडीपट्टीच्या गायक-नटांविषयीच्या ग्रंथाची प्रस्तावना

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हलक्या धानाची मळणी आटोपलेली असते, भारी धान अजून बांध्यांतून पिवळे होत उभे असते, आणि भाऊबीज उलटून मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यजिल्ह्यांतल्या गावोगावी एकच पृच्छा ऐकू येते : यंदा नाटक कोणत्या तारखेला ठेवले? ही तारीख गावात सणाइतकी पक्की मानली जाते. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे मिळेल त्या वाहनाने दाखल होतात, घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची पहिली बोलणी त्याच गर्दीत अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यात होतात. आणि दिवसभर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, धुळीत उभी राहिलेली तीच मंडळी रात्री दहाच्या सुमारास घोंगडी, चादर, लेकरू आणि पानसुपारी बरोबर घेऊन मंडपाकडे चालू लागतात. पुढले सहा-सात तास त्या मंडपात जे घडते त्याला सर्वत्र नाटक असेच म्हणतात. परंतु ते नाटक ऐकायला आम्ही चाललो आहोत असे म्हणणारी म्हातारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि त्यांचा हा शब्दप्रयोग मला अनवधानाचा कधीच वाटला नाही. प्रस्तुत ग्रंथाचा विषय त्या एका क्रियापदात साठवलेला आहे.

झाडीपट्टी म्हणजे जुन्या भंडारा आणि चांदा जिल्ह्यांतला, आजच्या हिशेबाने गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत पसरलेला, धानाचा, तलावांचा आणि अरण्याचा मुलूख. जिल्ह्यांच्या सीमा दप्तरांतून वारंवार बदलल्या. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तोवर तो चांद्याचाच भाग होता. चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात राहिला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राजुऱ्याचा भाग तर निजामाच्या राज्यात होता. या राजकीय इतिहासाचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास ज्या काळात पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी लिहिला, त्या काळात हा प्रदेश त्यांच्या कारभाराच्याच काय, दृष्टीच्याही बाहेर होता. परिणामी विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगापासून, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘शाकुंतला’पासून आणि बालगंधर्वांच्या वैभवापासून निघालेला तो इतिहास, १९३२ साली मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्या कोसळल्या, या वाक्यापाशी येऊन संगीत नाटकाच्या मृत्यूची नोंद करतो आणि पुढे सरकतो. ज्या वर्षांत ही नोंद झाली त्याच वर्षांत, आणि त्यानंतर कित्येक दशके, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा, कुरखेडा या टापूत पायपेटीच्या सुरावर नांदी उठत होती. या विसंगतीचे कारण काय, हा प्रश्न मला या विषयाकडे ओढून घेऊन आला.

उत्तराकडे जाण्यापूर्वी नवख्या वाचकाला या भूमीतील गायनाची एकंदर मांडणी ठाऊक हवी. येथील गाणे एकजिनसी नाही. अगदी दक्षिणेला, भामरागड-एटापल्लीच्या माडिया आणि गोंड वस्त्यांत, ‘रेला’ या शब्दाच्या पालुपदावर फेर धरून गायिले जाणारे गाणे आहे. तेथे हातात हात गुंफलेली ओळ हीच गाणारी आणि तीच ऐकणारी, बाहेर उभा राहून निवाडा करणारा कोणी नाही. गोंडांच्या वीरांच्या आणि देवांच्या कथा किंगरीवर लावून यजमानाच्या दारी गाणारे परधान हे याच्या उलट टोकाला आहेत. त्यांचे गाणे वंशपरंपरेने ठरलेल्या श्रोत्यासाठीच असते आणि त्या श्रोत्याकडून त्यांना ठरलेला मान मिळतो. गोंडी गीतांचे मोल ओळखून १९३५ साली शामराव हिवाळे आणि व्हेरियर एल्विन यांनी त्यांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. तशी आस्था मराठी भाषिक झाडीच्या गाण्यांविषयी त्या काळी कोणी दाखविली नाही.

मराठी झाडीत सर्वांत जुनी आणि गावाच्या अंगाला सर्वांत चिकटलेली ती दंडार. दिवाळीच्या आगेमागे, ढोलकी-टाळांच्या साथीने, गावचेच पुरुष, त्यांतलेच काही स्त्रीवेष घेऊन, गाणे, नाच आणि संवाद यांची जी गुंफण करतात ती दंडार; तिच्यात गळा कमावलेला नसला तरी चालते, ठेका मात्र चुकलेला चालत नाही. खडी गंमत ही तिची अधिक तयार, अधिक जिभेची बहीण. उभ्याने करायची म्हणून खडी. शाहीर, ढोलकी, तुणतुणे आणि नाच्या एवढ्या सामग्रीवर दोन फड समोरासमोर येतात, एक सवाल टाकतो, दुसऱ्याला जबाब द्यावा लागतो, आणि कोण हरले हे पहाटे गाव ठरविते. येथे प्रथमच गाणाऱ्याच्या पुढे निवाडा करणारा श्रोता उभा राहतो. पुढे नाटकात आलेल्या गवयाला ज्या कानांचा सामना करावा लागला ते कान या गमतीने घडविले, असे माझे मत आहे.

भजनाची परंपरा याहून निराळी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यात झाला खरा, पण त्यांची साधना आणि त्यांचा आवाज चिमूरच्या परिसराने आपला मानला. खंजिरी हे भिक्षेकऱ्याचे वाटणारे वाद्य हाती घेऊन त्यांनी खेड्यातल्या माणसाला त्याच्याच भाषेत स्वच्छतेपासून स्वराज्यापर्यंत सर्व काही गाऊन सांगितले, आणि १६ ऑगस्ट १९४२ रोजी इंग्रज सरकारविरुद्ध चिमूर पेटले तेव्हा त्या भजनांचा त्यात वाटा आहे हे सरकारलाही उमगले होते. महाराजांना त्याच महिन्यात कारावासात टाकण्यात आले. आजही या जिल्ह्यांत असे खेडे सापडणे कठीण, जेथे खंजिरी वाजविणारे भजनमंडळ नाही. दुसरा महाप्रवाह १६ ऑक्टोबर १९५६ चा. नागपूरनंतर दोनच दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, आणि त्या भूमीवर दरसाल भरणाऱ्या सोहळ्याने भीमगीतांच्या गायकांना एक असा श्रोतृसमुदाय दिला, ज्याच्यासाठी गाणे हा आपल्या माणूसपणाच्या जाहीरनाम्याचा भाग आहे. भजन आणि भीमगीत या दोन्ही शाळांतून घडलेले गळे पुढे नाटकाच्या मंचावर गेले. झाडीपट्टीचा गायक-नट शास्त्रोक्त तालमीतून आला असे क्वचितच घडते. खंजिरीने त्याला लय दिली, जयंतीच्या मिरवणुकीने आवाज दिला, आणि नाट्यपद त्याने कोणाकडून तरी ऐकून ऐकून उचलले.

आता मूळ प्रश्न. येथे संगीत नाटक का टिकले? जंगलामुळे, मागासलेपणामुळे, सिनेमागृहे नव्हती म्हणून, अशी उत्तरे दिली जातात. ती मला अपुरी वाटतात. सिनेमा वडशालाही आला, चंद्रपूरला तर फार पूर्वी आला. दूरदर्शन आले, आता प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे, आणि तरीही दिवाळीपासून होळीपर्यंत मंडप उभे राहतच आहेत. खरे कारण मालकीत आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळ्या या मालकाच्या असत. पडदे, पोशाख, बिऱ्हाड, नटांचे पगार हे सर्व त्याच्या डोक्यावर, आणि तिकिटबारी ओस पडली की कर्ज त्याच्या नावावर. बोलपट आला तेव्हा त्या कर्जाने मंडळ्या बुडाल्या. झाडीत नाटकाचा मालक गाव होता. पूर्वी एखादा मालगुजार पुढाकार घेई. १९५१ साली मालगुजारी गेली तेव्हा ती जबाबदारी गावच्या नाट्यमंडळावर, म्हणजे शेतकऱ्यांच्या तरुण पोरांवर आली. भूमिका गावातलेच लोक करीत, कापणी-मळणीच्या दिवसांत रात्री कोणाच्या तरी ओसरीवर तालीम चाले, आणि बाहेरून आणायचे ते दोनच घटक : स्त्रीपात्र आणि वाजविणारा. नफा झाला तर मंदिराला, शाळेला, समाजमंदिराला कौले. तोटा झाला तर घरटी वर्गणी. तोटा साऱ्या गावावर वाटला गेला की कोणी देशोधडीला लागत नाही, आणि पुढल्या वर्षी मंडप पुन्हा उभा राहतो. एवढी साधी व्यवस्था एका कलाप्रकाराला शंभर वर्षे जिवंत ठेवू शकते, ही गोष्ट मराठी नाट्येतिहासात ठळकपणे लिहिली गेली पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

ही रात्र प्रत्यक्ष कशी असते ते सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन पोकळ ठरेल. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर बांबू आणि कापड यांचा घेर घातलेला असतो. पुढे खुर्च्या, मागे जमीन, आणि जमिनीवर बसणाऱ्यांनी आपापले तणस घरून आणलेले. मंचाच्या पायथ्याशी, प्रेक्षक आणि नट यांच्या मधोमध, वादकांची जागा. पौष महिना असेल तर मध्यरात्रीनंतर दंव पडू लागते. गायक-नटी विंगेत शाल लपेटून बसलेली असते, काळी चार या स्वरपट्टीत गाणारी, आणि तिला पक्के ठाऊक असते की थंडीने गळा दीड-दोन वाजता जड होणार आणि तिचे मोठे पद नेमके त्याच सुमारास आहे. तबलजीची अडचण त्याहून मोठी. ओलाव्याने पुडी सैल पडते आणि तबला सुराखाली उतरतो. मग तो संवाद चालू असताना हातोडीने गट्टे ठोकतो, तरी भागले नाही तर वाद्य उचलून मंडपामागच्या शेकोटीपाशी जातो, पुडी विस्तवावर धरतो, बोटाने टिचकी मारून कानाशी नेतो, पुन्हा धरतो, आणि पदाच्या पहिल्या ओळीला धापा टाकीत जागेवर येऊन बसतो. हे मी एकाच रात्री तीनदा पाहिले आहे. त्या वेळात पायपेटीवाला आपल्या मनाने स्वर भरीत बसतो आणि नट संवाद दोन वाक्यांनी लांबवितो. हे सर्व न ठरविता घडते.

पद सुरू झाले की मागल्या तणसावरची माणसे उठून बसतात. दाद कोठे द्यायची ते त्यांना कोणी शिकविलेले नाही. समेवर माना हलतातच, पण खरी दाद येते ती शब्दाला. बापाने पोरीला निरोप देण्याचे पद असेल आणि गाणाऱ्याने ‘लेक’ या शब्दावर आवाज किंचित मोडला, तर बायकांच्या बाजूने जो हुंदका येतो तीच त्याची पावती. मग ‘वन्स मोअर’चा गजर होतो, कोणी बक्षीस पाठवितो, देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावर पुकारले जाते, आणि कथानक, जे मरणाच्या दारात येऊन थांबलेले असते, ते सर्वांच्या संमतीने पुन्हा मागे जाऊन तेच पद घेते. नगरवासी समीक्षकांना या थांबण्याने रसभंग होतो. माझा अनुभव उलट आहे. गाव त्या क्षणी नाटकाला आपल्या इच्छेने वाकवीत असते, कारण खर्च त्याचा आहे, रात्रही त्याची आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या व्यवस्थेत मोठे स्थित्यंतर झाले. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचे वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचे केंद्र बनले. नट, नटी, गायक, वादक, पडदे आणि दिवे यांचा संच तयार ठेवणाऱ्या कंपन्या तेथे उभ्या राहिल्या; हंगामाआधी गावोगावची मंडळे तेथे येतात, जाहिराती पाहतात, बयाना देतात आणि तारीख बांधून परततात. गावातल्या ओसरीवरच्या तालमी त्यामुळे मावळल्या. कलावंताला हंगामभर रोज रात्री काम आणि रोकड मानधन मिळू लागले, शेतमजुरीवर जगणाऱ्या कित्येक गळ्यांना पोटाची हमी मिळाली, हा लाभ लहान नाही. परंतु रोज नवे गाव, दिवसा प्रवासात मिळेल ती झोप आणि रात्री पुन्हा तोच ताण, यांमुळे चाळिशीत आवाज गेलेले गायक याच व्यवस्थेने निर्माण केले. पूर्वी गावकरी नट एक पद महिनाभर घोटीत असे. आता गायकाला नवे नाटक विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या आधारावर पेलावे लागते, आणि साहजिकच तो ओळखीच्या चालींकडे वळतो.

गाण्याविषयीचे दोन पंथ याच स्थित्यंतरातून निर्माण झाले. एक म्हणतो, नाट्यपदाची जुनी ढब, पायपेटी आणि तबला, हाच झाडीचा ठेवा. सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅड यांनी आवाजाचा पोत घालविला आणि मध्येच घुसविलेल्या सिनेमाच्या नाचगाण्यांनी नाटकाची अब्रू. दुसरा पंथ म्हणतो, किर्लोस्करांच्या काळी पारशी आणि कर्नाटकी चाली घेतल्या त्या चालल्या, मग आजचे वाद्य का चालू नये? मला पहिल्यांची व्यथा कळते, त्यांतील काहींचे डोळे बोलताना भरून आलेले मी पाहिले आहेत. तथापि वाद्यापेक्षा वेळेचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. नाचगाणे वाढले म्हणून पदे कमी झाली, आणि पदे कमी झाली म्हणून पद पेलणारा गळा तयार होईनासा झाला. यावर उपाय शोधणारी माणसेही येथलीच आहेत. नवरगावच्या सदानंद बोरकरांसारख्या नाटककारांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येसारखे विषय याच मंचावर आणले, आणि गाव ते ऐकायला पहाटेपर्यंत बसले.

दूर देशीचा एक दाखला येथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या दक्षिणेतील डोंगराळ खेड्यांचे गाणे आज जगभर ‘कंट्री’ म्हणून ओळखले जाते. १९२५ साली नॅशव्हिलच्या नभोवाणीने त्याचा साप्ताहिक जलसा सुरू केला. १९२७ साली राल्फ पीअर हा ध्वनिमुद्रक ब्रिस्टल नावाच्या गावी यंत्र मांडून बसला आणि डोंगरातून उतरून आलेल्या कार्टर कुटुंबाचा व जिमी रॉजर्स या रेल्वे कामगाराचा आवाज त्याने तबकडीवर घेतला. पुढे तो जलसा एका जुन्या प्रार्थनागृहात, लाकडी बाकांवर बसलेल्या श्रोत्यांपुढे, १९४३ पासून १९७४ पर्यंत चालला. ग्रामीण गायकाला तेथे यंत्राने नाव दिले. झाडीपट्टीला असा पीअर भेटला नाही. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि त्याने लोकगीतांना जागा दिली, पण दहापासून पहाटेपर्यंत गावाच्या दादीवर वाढत जाणारे पद पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात मावणारे नव्हते. म्हणून येथील थोर गळे ज्यांनी ऐकले त्यांच्याच कानांत राहिले, आणि ती माणसे आता एकेक करून जात आहेत.

हा विषय आजच का, याचे पहिले कारण हेच. दुसरे असे की ज्या चौकटीत नाटक बसले होते ती अलीकडे वारंवार हादरली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट बंद पडले, आणि पटासाठी जमणाऱ्या पाहुण्यांच्या आधारावर ठरणाऱ्या कित्येक तारखा अडचणीत आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, तेव्हा पट पुन्हा भरू लागले. मध्यंतरी करोनाच्या साथीने हंगाम बुडविला आणि केवळ गाण्यावर पोट असलेली माणसे धानाच्या बांधीत परत उतरली. त्याच २०२३ साली कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, आणि शासनाच्या सनदेवर झाडीपट्टी हा शब्द आला. या सन्मानाने आम्हा सर्वांना अपार आनंद झाला. पण त्यानंतर चौकशीला आलेल्या बाहेरच्या जिज्ञासूंना हाती देण्याजोगे, गायनाविषयीचे, एकही सविस्तर पुस्तक आमच्याजवळ नव्हते. दंडारीवर आणि झाडीबोलीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर काम केले आहे, आणि त्यांच्या खांद्यावर उभे राहिल्यावाचून या ग्रंथाला एक पाऊलही टाकता आले नसते. नाटकातला गवई मात्र तेवढा सुटून गेला होता.

त्याचे गाणे ऐकणाऱ्यांच्याच कानांत राहिले आहे, म्हणून या ग्रंथात गायकांची चरित्रे क्रमाने दिलेली नाहीत. संकलकांनी मुक्काम धरला आहे तो श्रोत्यापाशी. कोणत्या गावी, कोणत्या नाटकात, कोणते पद कोणी गाइले आणि ते ऐकणाऱ्याला आजही का आठवते, अशा कैफियती त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून, विशेषतः बायकांकडून, गोळा केल्या, आणि त्यांच्या जोडीला पायपेटीवाले, तबलजी, रंगभूषा करणारे, मंडप बांधणारे यांच्या जबान्या ठेवल्या. संकलकांचा आग्रह होता की सांगणाऱ्याची बोली बदलायची नाही. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. येथील माणूस ‘डोरा’ म्हणतो, पण तोच माणूस नाट्यपद गाताना ‘डोळा’ असा शुद्ध उच्चार प्रयासाने करतो, आणि पद संपून विंगेत आला की पुन्हा ‘डोरा’. या दोन उच्चारांमधल्या अंतरात एका सबंध समाजाने प्रतिष्ठेसाठी केलेली धडपड मला दिसते, आणि म्हणून दोन्ही उच्चार जसेच्या तसे छापण्याच्या निर्णयाला मी मनापासून पाठिंबा दिला.

एक उणीव मात्र येथेच नोंदविली पाहिजे. जुन्या नाटकांच्या जाहिराती संकलकांनी घरोघरच्या पेट्यांतून शोधून काढल्या. त्यांवर नाटकाचे नाव, गाव, तारीख, तिकिटाचे दर आणि मंडळाच्या अध्यक्षांपासून चिटणीसांपर्यंत सर्वांची नावे छापलेली आहेत. बाहेरून आणलेल्या गायक-नटीसाठी मात्र अनेक ठिकाणी ‘नागपूरची सुप्रसिद्ध’ एवढेच शब्द आहेत. ज्यांनी तिला ऐकले त्यांना तिचे पद आठवते, शालूचा रंग आठवतो, दंवाने बसलेला आवाज तिने दुसऱ्या अंकात कसा मोकळा केला हेही आठवते; नाव आठवत नाही. परिशिष्टातील तक्त्यात अशा नोंदींपुढचा रकाना कोरा ठेवला आहे, आणि तो पेन्सिलीने लिहिता येईल एवढा रुंद आखला आहे.